हमीच्या दोन सह्या

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा सायकल गेली! विमावाल्यांची. जिन्याखालून, कुलपासकट. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर सगळी इमारत खाली जमलेली. सेक्रेटरी पायजम्यावरच उभे आणि एकच पालुपद — "मी सांगतच होतो." काय सांगत होते ते विचारलं असतं तर त्यांनाही आठवलं नसतं. चार महिन्यांत ही तिसरी सायकल. जिन्याखालचा दिवा वर्षभर बंद आहे, फाटकाची कडी लागत नाही — त्यावर एक शब्द नाही. एकमत झालं ते भलत्याच गोष्टीवर. म्हणे, बाहेरच्या बायका कामाला येतात, त्यांची माणसं मागून येतात, सगळं हेरून जातात.

आणि हे सगळं आमची भांडीवाली जिना चढत असताना! तिच्या तोंडावर! ती खाली मान घालून वर आली आणि पातेलं असं घासलं की त्याला भोक पडावं.

माझ्या घरातून काही जात नाही. जाणार कसं? मुलाच्या शाळेच्या वह्यांची उरलेली पानं शिवून मी वही केली आहे — डावीकडे 'गेली', उजवीकडे 'आली'. शेजारणीनं किसणी नेली, लिहिली. परत आणली, लिहिली. पैशांचा हिशेब वेगळा, वस्तूंचा वेगळा. बावीस वर्षं झाली. एकच मोठी वस्तू डाव्या बाजूला अडकली होती — देवाची चांदीची वाटी. घराला रंग देत होते तेव्हा नाहीशी झाली. यांनी पोलिसांतसुद्धा कळवलं होतं. आठ महिन्यांनी, सासूबाई गेल्यावर, त्यांची रजई उसवली तर कापसात वाटी! परकी माणसं घरात म्हणून त्यांनीच शिवून ठेवली आणि विसरल्या बिचाऱ्या. उजवीकडे लिहिलं — 'आली. देवाची कृपा.' रोज त्याच वाटीत देवापुढे दूध ठेवते. त्याचं त्यानं सांभाळलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सायकल सापडली नाही. चोर मात्र सापडला! भांडीवालीचा भाऊ दोन महिन्यांपूर्वी तुरुंगातून सुटलाय, हे सेक्रेटरींना कुठूनसं कळलं. झालं! चौकशी नाही, पुरावा नाही, निकाल तयार.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज तिला समोर बसवलं. चहा दिला. म्हटलं, "खरं काय ते सांग."

"खोटं कशाला बोलू काकू? तारेची चोरी केली त्यानं. तांब्याची. दोन वर्षं काढली आत."

"मग लोक बोलणारच ना गं."

"बोलू देत की. पण पहिल्यांदा नेला तेव्हा त्यानं काहीच केलं नव्हतं."

मग सांगत सुटली. एकोणीस वर्षांचा होता. कुणाच्या तरी घरी कामाला गेला, तिथलं काही हरवलं, पोलिसांनी उचलला. एकोणीस दिवस ठेवला. वर्षाला एक दिवस! काही मिळालं नाही, सोडून दिला. पण मुकादमानं दारात उभा केला नाही — "पोलिसांनी नेलेला माणूस लोकांच्या घरात कसा घेऊन जाऊ?" त्यानंतर भागात काहीही गेलं की आधी हाच. गिरणीचा पट्टा गेला, आणा त्याला. कोंबड्या गेल्या, आणा त्याला. "शाळेत हजेरी घेतात ना काकू, तशी." पुढे एका कारखान्यात हमाली मिळाली. सात महिने सुरळीत. मग एक दिवस हवालदार फाटकावर विचारायला आला — हा इथेच आहे ना? फक्त विचारायला! दुसऱ्या दिवशी फाटक बंद. महिन्याची मजुरीही बुडाली. त्याच कारखान्यातून त्यानं तार उचलली.

"म्हणाला, मी माझी मजुरी घेतली."

"चोरीच ती," मी म्हटलं.

"चोरीच. मी कुठं नाही म्हणते?" असं म्हणून तिनं कप विसळला.

मी विचारलं, "पहिल्यांदा कुणाचं काय गेलं होतं?"

"कुणास ठाऊक. मी तेव्हा सासरी होते, लांब. तो त्याबद्दल तोंड उघडत नाही. मिळालंच नाही म्हणे कधी."

दिवसभर डोक्यातून जाईना. कोण असतील ती माणसं? वस्तू गेली, वाईट झालं, मान्य. पण नंतर एकदा तरी कुणी ठाण्यावर जाऊन विचारलं असेल का, त्या पोराचं काय केलंत म्हणून? नाही! साप साप म्हणून भुई धोपटायची आणि मग काठी कोपऱ्यात ठेवून जेवायला बसायचं. चोर काय आईच्या पोटातून येतो? त्याला घडवावा लागतो. एकानं बोट दाखवायचं, दुसऱ्यानं उचलायचं, तिसऱ्यानं कामावरून काढायचं, चौथ्यानं मजुरी खायची. एवढ्या मेहनतीत एक सुतार तयार झाला असता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुतारच झालाय तो! तुरुंगात शिकला. एका फर्निचरवाल्यानं महिनाभर रोजानं ठेवलाय. कायम करायला तयार आहे, पण कागद हवाय. आज मी स्वतः जाऊन आले. चालत. गुडघा कुरकुरला, पण रिक्षाला पैसे घालवायचे कशाला?

तो नव्हता, लाकूड आणायला गेला होता. फर्निचरवाला माणूस वाईट नाही. पोट सुटलेलं, कानावर पेन्सिल. मला एका टेबलाचा खण ओढायला लावला. लोण्यात सुरी फिरावी तसा आला. "त्यानं केलाय. एक खिळा नाही यात. पण बाई, आमचं काम दुकानात संपत नाही. लोकांच्या घरी जाऊन कपाटं बसवावी लागतात. निजायच्या खोलीत, तिजोरीच्या शेजारी. उद्या काही झालं तर गिऱ्हाईक माझी मान धरणार." म्हणून दोन घरंदाज माणसांच्या हमीच्या सह्या, आणि ठाण्यावरून त्याच्या नावावर काय काय आहे त्याची नक्कल. "लपवाछपवी नको. जे आहे ते मला दिसू दे, मग मी ठरवतो." एक तारखेपासून मोठं काम सुरू होतंय. अठ्ठावीसपर्यंत थांबतो म्हणाला. नाहीतर दुसरा माणूस.

तीन आठवडे! मला वाटलं, दोन सह्या म्हणजे दोन दिवसांचं काम.

८ फेब्रुवारी, शनिवार

हमीपत्र मीच लिहून काढलं, मुलाच्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर नव्हे, चांगल्या रेघी कागदावर. मॅट्रिकला माझ्या अक्षराला बाईंनी शाबासकी दिली होती, ती आज कामी आली. 'सदर इसमास मी ओळखते. तो कष्टाळू असून कोणाच्याही घरी कामास योग्य आहे, याची मी हमी देते.' खाली सही ठोकली. हो, ठोकली! ओळखत नाही त्याला, पण बहिणीला तीन वर्षं ओळखते. तिच्या हातून माझा चमचासुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही. वही साक्षी आहे.

दुसरी सही घरातलीच. कागद यांच्यापुढे ठेवला. यांनी वरपासून वाचला, नावाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बापाचं नावही वाचलं. मग म्हणाले, "मी नाही करणार सही."

"का?"

"मी त्याची हमी देणारा कोण?"

"तुम्ही कोण म्हणजे? पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलीत, एक ठपका नाही. तुम्ही नाही तर कोण?"

"माझ्यानं होणार नाही," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाठमोरे.

भित्रेपणा! निवृत्त झाले तरी साहेबाची भीती जात नाही. माझा संताप संताप झाला. जपाला बसले, पण माळ हातात नुसती फिरली.

९ फेब्रुवारी, रविवार

घरोघर फिरले. भीक मागतात तशी. विमावाले म्हणाले, "वहिनी, सायकल माझीच गेली आणि सही मीच करू?" सेक्रेटरींच्या बायकोनं दार साखळीएवढंच उघडलं. सेक्रेटरी आतून ओरडले, "इतकी दया येतेय तर घरातच ठेवून घ्या ना त्याला!" वरच्या मजल्यावरचे मास्तर झोपले होते, की झोपल्याचं सोंग, देव जाणे.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. सेक्रेटरींच्या मुलानं परीक्षेत चिठ्ठ्या नेल्या, तेव्हा ते काय होतं? 'पोरबुद्धी.' आणि याची तार? 'गुन्हेगारी वृत्ती.'

१० फेब्रुवारी, सोमवार

फर्निचरवाल्याकडे पुन्हा गेले. माझी सही दाखवली. म्हणतो, "घर कुणाच्या नावावर? तुमच्या मालकांच्या? मग त्यांची सही हवी. बायकांची कशी चालेल?"

मी म्हटलं, "तुमचा सुतार कपाट बसवायला घरी आला की दार कोण उघडतं?"

"कोण म्हणजे... घरातली बाई."

"त्याच्यासमोर दिवसभर कोण असतं? पाणी कोण देतं? गेल्यावर केर कोण काढतं, काय गेलं-राहिलं कोण बघतं? नवरा?"

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, डोकं खाजवलं, हसला. "बाई, तुम्ही माझ्या दुकानात कामाला या." सही चालली! एक झाली. एक राहिली.

यांच्याशी शनिवारपासून कामापुरतं बोलते. मीठ हवं का, एवढंच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नकलेसाठी भांडीवाली तीनदा ठाण्यावर जाऊन आली. साहेब नाहीत. शिक्का नाही. कपाटाची किल्ली नाही. आज मी तिच्याबरोबर गेले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत — 'आम्ही आपल्या सेवेसाठी.' खाली बाकावर सेवेची वाट बघत सकाळपासून बसलेली माणसं!

हवालदारानं मला खुर्ची दिली, तिला नाही. मी उभीच राहिले. म्हणतो कसा, "बाई, तुम्ही चांगल्या घरच्या. यांच्या नादी कुठं लागता? ही माणसं सुधारत नाहीत. आत जातात, बाहेर येतात, पुन्हा आत."

"बाहेर आल्यावर काम मिळालं तरी आत जातात?"

"ते... काम कोण देतं?"

"तेच विचारतेय."

अर्ज घेतला. पोच मागितली तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याची जमीनच मागितली. पण दिली.

माझ्या हातात असतं तर काय केलं असतं? येताना हाच विचार. फार मोठं काही नाही. सुटून येणाऱ्याला दाराशीच कामाचा पत्ता हातात. आळ खोटा ठरला तर तसा कागद त्याला, शिक्क्यासकट, आणि तो मुकादमाला दाखवायलासुद्धा पोलिसानंच जायचं — उचलायला जातात तसं, सगळ्यांसमोर. मजुरी बुडवणाऱ्याला तार चोरणाऱ्याइतकीच शिक्षा. आणि जिन्याखाली दिवा! एवढं झालं तरी अर्धी कोठडी ओस पडेल. पण मॅट्रिक झालेल्या बाईला कोण विचारतंय?

१६ फेब्रुवारी, रविवार

इमारतीची सभा. सेक्रेटरींनी ठराव वाचला — 'तुरुंगवास भोगलेल्या इसमांच्या नातेवाइकांस इमारतीत कामास ठेवू नये.' म्हणजे माझी भांडीवाली! तिच्या दोन मुली शाळेत आहेत. आईचं काम गेलं की धाकटी शाळेतून बाहेर, मग थोरली. मग पुढच्या दहा वर्षांनी पुन्हा ठराव करायला हे मोकळे!

बावीस वर्षांत सभेत मी फक्त चहा दिला आहे. आज उभी राहिले.

"ठराव लिहा," म्हटलं, "पण जरा लांब लिहा. नातेवाइकांपर्यंत जायचंच तर आधी आपल्यापासून सुरू करा. टाकीच्या नळाला रबरी नळी जोडून शेजाऱ्यांचं पाणी घेणाऱ्यांच्या घरीही बाई नको. साध्या तापाला शस्त्रक्रिया दाखवून पैसे उचलणाऱ्यांच्या घरीही नको."

विमावाल्यांना ठसका लागला. सेक्रेटरींची बायको नळाकडे बघायला लागली — म्हणजे तिथे नळ नव्हता, पण त्या दिशेला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर!

"वहिनी, विषयाला धरून बोला," सेक्रेटरी.

"धरूनच बोलतेय. एकदा बोट दाखवलं की माणूस जन्माचा चोर, असं असेल तर इथे बोटं कमी पडतील. सायकली जाताहेत ना? दिवा लावा. कडी बसवा. ती बसवायला सुतार लागेल, मी देते."

यांनी मला खाली बसवायला कोपर लावलं नाही. मला वाटलं होतं लावतील. खाली बघत होते.

ठराव बारगळला! दिवा मंजूर. आणि सभा संपल्यावर मास्तर जिन्यात थांबले. "बाई, कुठं सही करायची? चाळीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून दिलं, की चूक खोडून पुन्हा लिहिता येते. आता नाही म्हटलं तर फळा हसेल." जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली. दोन झाल्या!

देवापुढे साखर ठेवली. वाटीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल त्याला उचललं. विमावाल्यांच्या सायकलीसाठी! दुकानातून, गिऱ्हाइकांच्या देखत. संध्याकाळी सोडलं. फर्निचरवाल्यानं कामावरून काढलं नाही म्हणे, पण खणाच्या मुठी लावायचं काम दुसऱ्याला दिलं.

भांडीवाली आज आली नाही. भांडी मीच घासली. बोटं सोलली. बरं झालं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सायकल सापडली!!

ऐका तर खरं. विमावाल्यांचा मेव्हणा त्या पहाटे गावाला जायला निघाला, उशीर झाला, घरातून दुसरी किल्ली घेतली, सायकल स्थानकावर नेली, तिथल्या ओळखीच्या दुकानात लावली आणि गाडीत बसला. सांगायचं विसरला. अठरा दिवस! काल परत आला तो सायकलवर बसून, शीळ घालत!

मी तशीच खाली गेले, पिठाच्या हातानं. "आता ठाण्यावर जा आणि सांगा, सापडली म्हणून."

विमावाले म्हणतात, "जाऊ द्या हो वहिनी. मिटलं ना? आता गेलो तर उलट मलाच विचारतील, खोटी तक्रार का दिली. सोडलाय ना त्याला?"

मिटलं! कुणाचं मिटलं? याची सायकल आली म्हणून मिटलं! आणि त्या माणसाच्या नावापुढे पोलिसांच्या वहीत आणखी एक ओळ पडली, ती कोण पुसणार? वस्तू हरवली की धावत जायला पाय असतात, सापडली की पायांना काय लकवा मारतो? देवाच्या घरी याला चोरीपेक्षा मोठी शिक्षा असली पाहिजे. चोर निदान पोटासाठी करतो. हे कशासाठी? लाजेसाठी! आपली लाज राखायला दुसऱ्याचं आयुष्य!

घरी येऊन यांच्यासमोर हे सगळं पुन्हा बोलले. आवाज चढला असेल. हे म्हणाले, "ओरडू नकोस."

"का? खाली ऐकू जाईल? जाऊ दे!"

"खाली नाही," म्हणाले. जेवले नाहीत. देवापाशी बराच वेळ उभे होते. हा माणूस देवापाशी कधी उभा राहत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज तो येणार होता, आभार मानायला. भांडीवाली आधीपासून उड्या मारत होती. दुपारी जिन्यात पावलं वाजली. मी पदर सारखा करून दार उघडायला गेले, तोवर पावलं उतरायला लागलेली. पाठ दिसली फक्त. उंच, थोडी वाकलेली. हाक मारली, तो थांबला नाही.

दारात एक बुटकं स्टूल ठेवलेलं. वरची फळी काचेसारखी घासलेली. बहिणीनं सांगितलं असणार, काकूंचा गुडघा दुखतो, देवापुढे खाली बसवत नाही म्हणून. लाजला असेल बिचारा. वहीत लिहिलं — 'आली. स्टूल एक, नवं.' कुणाकडून, तिथं 'भांडीवालीचा भाऊ'.

बसून बघितलं. एकही पाय डगमगत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जगात भलं करू नये! भांडीवाली सकाळी आली, डोळे सुजलेले. "काकू, राग मानू नका. भाऊ म्हणतो, त्या घरची सही नको. दुसरी बघू."

"त्या घरची म्हणजे?"

"काही सांगत नाही. दार बघितलं आणि खाली उतरला म्हणतो. आता एकच म्हणतो — त्या घरची नको."

तीन आठवडे वणवण करते आहे मी! शेजाऱ्यांशी वाकडं घेतलं, नवऱ्याशी अबोला धरला, ठाण्याची पायरी चढले, आणि याला माझी सही नको! मग कुणाची हवी, राष्ट्रपतींची? चार दिवस राहिलेत. म्हटलं तिला, "सांग त्याला, गरज त्याला आहे, मला नाही." ती भांड्यांना लागली.

बोलले खरी, पण सही खोडली नाही. राग माझा, हमी त्याची.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नक्कल आली. भांडीवालीनं माझ्या हातात दिली. "वाचा ना काकू, काय काय आहे." एकूण नऊ ओळी. शेवटची, सायकल. मग खालून वर वाचत गेले. सगळ्यांत वर, पहिली — नऊ वर्षांपूर्वीची. रंगकाम चालू असलेलं घर. पत्ता आमचा. तक्रारदार — हे. वस्तू: चांदीची वाटी, एक. 'मिळून आली नाही.'

"काय लिहिलंय, काकू?"

म्हटलं, "चष्मा सापडत नाही गं." चष्मा डोळ्यांवर होता.

तीन रंगारी होते. तोंडाला फडकी बांधलेले. तिघांना चहा दिला होता मी, तोंडं पाहिली नव्हती. वाटी सापडली तेव्हा यांना एकदा विचारलं होतं, त्या माणसाचं काय झालं? "सोडला असेल," म्हणाले होते. दुसऱ्यांदा विचारलं नाही. सासूबाईंची लाज, आमची लाज. 'देवाची कृपा' लिहून मोकळी झाले.

यांच्यापुढे कागद ठेवला. यांनी वाचलाच नाही. म्हणाले, "नाव बघितलं तेव्हाच ओळखलं. तुला वाटलं, मी त्याला नाकारत होतो?"

मग भांडीवालीला स्टुलावर बसवलं आणि वही उघडून सगळं वाचून दाखवलं. तिनं पदर खोचला आणि घासायला काढलेली भांडी तशीच टाकून निघून गेली.

आज देवापुढे दूध ठेवलं नाही. वाटी आणि वही पिशवीत घातली आहे. आधी ठाण्यावर, मग दुकानात, मग त्याच्या दारात. हे चपला घालून उंबऱ्यावर थांबलेत.